वधाचा प्रेक्षक

दुःखान्त नाटक पाहून प्रेक्षकाला आनंद कां होतो, या प्रश्नाचा मराठी टीकावाङ्मयांत जितका काथ्याकूट झाला आहे तितका दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचा क्वचितच झाला असेल. १९२१ सालीं बडोदें येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून नरसिंह चिंतामण केळकर यांनीं ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ति मांडली. वाचक स्वतःचें भान न सोडतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो आणि या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयानंदाचें मूळ आहे, असें तिचें थोडक्यांत तात्पर्य. पुढें कित्येक वर्षें या उपपत्तीची उलटसुलट चर्चा चालली. १९४२ सालीं निघालेल्या ‘रसविमर्श’ या ग्रंथांत डॉ. के. ना. वाटवे यांनीं जुनी रसव्यवस्था मानसशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिली. करुणरस सुखाचा कीं दुःखाचा, हा वाद तर बाराव्या शतकांतील ‘नाट्यदर्पण’कारांपर्यंत मागें नेतां येतो, त्या दोघां जैन पंडितांनीं कांहीं रस सुखाचे व कांहीं दुःखाचे, असें बेधडक सांगून टाकलें होतें.

या सर्व चर्चेंत एक गोष्ट मात्र सर्वांनीं गृहीत धरलेली दिसते. ती ही कीं, रंगभूमीवर कोणी मेलें म्हणजे प्रेक्षक रडतो. ‘एकच प्याला’ पाहून, सिंधूच्या मरणानें ज्याचे डोळे ओले होतात असा सहृदय प्रेक्षक मनापुढें ठेवूनच या उपपत्ति रचलेल्या आहेत. परंतु नाटकगृहांत, जत्रेंतल्या खेळांत, आणि विशेषतः चित्रपटगृहांत, दुसराहि एक प्रेक्षक बसलेला असतो. दुष्टाच्या छातींत सुरा शिरला कीं तो रडत नाहीं. तो टाळ्या पिटतो, शिट्या घालतो, शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारतो. त्याच्या आनंदाची मीमांसा कोणीं केली? केळकरांच्या समाधींत त्याला बसवितां येत नाहीं. कारण मरणाऱ्याच्या भूमिकेंत तो मुळीं शिरलेलाच नसतो. आम्ही स्वतः त्या टाळ्या पिटणाऱ्यांत कधींच नव्हतों, असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं, आणि म्हणूनच हा विषय आम्हीं हातीं घेतला आहे.

या दुसऱ्या प्रेक्षकाचा एक फार जुना उल्लेख, नवलाची गोष्ट अशी कीं, व्याकरणाच्या ग्रंथांत सांपडतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत पतंजलीनें पाणिनीच्या प्रयोजक क्रियापदांविषयींच्या सूत्रावर भाष्य करतांना एक शंका उपस्थित केली. कंस तर केव्हांच मरून गेला. मग कंसाला आज कोणी मारवितो असा वर्तमानकाळ कसा योजावा? उत्तर असें कीं, शोभनिक नांवाचे लोक कंसाचा वध प्रत्यक्ष डोळ्यांदेखत घडवितात, चित्रकार तो चित्रांत घडवितात, आणि ग्रंथिक म्हणजे कथा सांगणारे लोक नुसत्या शब्दांनीं तो ऐकणाऱ्यांच्या मनांत घडवून आणतात. त्या वेळीं कोणी कंसाच्या पक्षाचे होतात, कोणी वासुदेवाच्या. आणि कोणाचें तोंड लाल होतें तर कोणाचें काळें पडतें. (हे रंग पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर चढत, कीं नटांच्या तोंडांना फांसलेले असत, यावर पंडितांत वाद आहे. तो येथें सोडविण्याचें आम्हांस कारण नाहीं.) वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनीं महाभाष्य मराठींत आणल्यापासून हा भाग कोणाहि जिज्ञासु वाचकाच्या आटोक्यांत आहे. पण खरी मौज पुढेंच आहे. या क्रियेला तिन्ही काळ कसे लागतात हें दाखविण्याकरितां पतंजलि रस्त्यावरच्या बोलण्याकडे बोट दाखवितो. वध चालू असला किंवा व्हावयाचा असला तर लोक एकमेकांना तो पाहावयास पिटाळतात. तो आटोपला असेल तर मात्र, आतां जाण्यांत हांशील नाहीं, असें सांगून उशीर झालेल्याला वाटेंतूनच परतवितात.

दोन हजार वर्षांपूर्वींचें हें वाटेवरचें बोलणें वाचून आम्ही चपापलों. या प्रेक्षकाला कंसाची कथा पाठ आहे. कंस आज कदाचित् वांचेल, अशी त्याला आशाहि नाहीं आणि भीतीहि नाहीं. तरी त्याला तो एक क्षण चुकवावयाचा नाहीं, आणि तो क्षण टळल्यावर त्याला तेथें कांहींच नको आहे. तेव्हां उत्कंठा म्हणून जी वस्तु आपण कथाकादंबऱ्यांच्या चर्चेंत नेहमीं पुढें करतों, तिनें ही ओढ उलगडत नाहीं.

आमच्या मतें तिची किल्ली ‘वध’ या शब्दांतच आहे. जीव जाण्याला मराठींत शब्दांचा तोटा नाहीं. म्हातारा माणूस वारतो, संत समाधि घेतो, शिपाई कामास येतो, बोकड कापला जातो, वाटसरूचा खून होतो. परंतु वध फक्त अशाचाच होतो, कीं ज्याचा तो व्हावयासच पाहिजे होता. बकवध, कंसवध, जरासंधवध, अफझलखानाचा वध. खून म्हटला म्हणजे पहिला प्रश्न खुनी कोण, हा उठतो. वध म्हटला म्हणजे मेलेल्याचा अपराध काय, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचें उत्तर तो शब्द तोंडांतून निघण्यापूर्वींच ठरलेलें असतें. संस्कृतांत हा दंडक इतका कडक नाहीं. तेथें बिचाऱ्या क्रौंच पक्ष्याचाहि वधच होतो. मराठीनें मात्र हा शब्द घेतला तो निवाड्यासकट घेतला. वध पाहावयास बसलेला मनुष्य, आमच्या समजुतीनें, मरण पाहतच नसतो. तो एका निकालाची अंमलबजावणी पाहत असतो, त्या निकालावर आपलीहि सही आहे असें त्याला वाटतें, आणि ती सही त्याच्या दोहों बाजूंस बसलेल्यांनींहि केली आहे, हें त्याच्या सुखाचें दुसरें अंग आहे.

यावर कोणी म्हणेल, नाटकांतलें मरण खोटें असतें आणि तें खोटें असल्यामुळेंच आपण निर्धास्तपणें टाळ्या वाजवितों. येथें निवाड्याचा संबंध काय? हें उत्तर सोईचें आहे. पण जेथें मरण खरें होतें तेथेंहि लोक असेच जमत असत, हें ओझें त्या उत्तराला पेलत नाहीं. रोमचें कोलोसियम इ. स. ८० मध्यें टायटस बादशहानें उघडलें तेव्हां शंभर दिवस खेळ चालल्याचें सांगतात, आणि त्यांत जीं माणसें व जीं जनावरें मेलीं तीं मेल्यावर पुन्हां उठलीं नाहींत. त्यापूर्वीं कांहीं वर्षें सेनेका या तत्त्वज्ञानें आपल्या एका स्नेह्यास लिहिलेलें पत्र प्रसिद्ध आहे. भर दुपारच्या वेळीं तो सहज खेळाला गेला. कांहीं विनोद, कांहीं विसावा मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. पाहतो तों ढाल नाहीं, शिरस्त्राण नाहीं, अशीं दंड झालेलीं माणसें एकमेकांना कापीत आहेत, आणि एकाला मारून जो उरतो त्याला पुढच्याच्या हवालीं करीत आहेत. सेनेका या दृश्यानें हळहळला याचें आम्हांस विशेष वाटत नाहीं. आम्हांस विशेष वाटतें तें गर्दीच्या युक्तिवादाचें. त्या माणसानें वाटमारी केली होती, खून केला होता, असें गर्दी म्हणते. सेनेका तें नाकारीत नाहीं. त्याचा प्रश्न एवढाच आहे कीं, त्यानें खून केला म्हणून त्याच्या वांट्यास हें आलें. तूं काय केलेंस म्हणून तुझ्या वांट्यास हें पाहणें आलें? या प्रश्नाचें उत्तर गर्दीनें दिल्याचें त्या पत्रांत नाहीं. आपण माणसांत गेलों व पूर्वींपेक्षां अधिक निर्दय होऊन घरीं परतलों, अशी कबुली मात्र सेनेकानें स्वतःविषयीं दिली आहे.

‘माणसांत गेलों’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टिन या ख्रिस्ती साधूचा स्नेही अलिपियस रोममध्यें कायद्याचा अभ्यास करीत असतां मित्रांनीं त्याला ओढून असल्याच खेळाला नेलें. त्यानें निश्चय करून डोळे मिटून घेतले. पण कान मिटतां आले नाहींत. लोकांची आरोळी उठली, त्यानें डोळे उघडले, आणि पुढें तो स्वतः दुसऱ्यांना घेऊन तेथें जाऊं लागला. त्याला रक्तानें जिंकलें नव्हतें, आरोळीनें जिंकलें होतें. याच्या उलट प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधील लिऑन्शियस पाहा. अथेन्सच्या तटाबाहेर मांगाजवळ पडलेलीं प्रेतें दिसतांच पाहावें कीं पाहूं नये, या झगड्यांत तो कांहीं वेळ तोंड झांकून उभा राहतो, शेवटीं हरतो, धांवत जाऊन पाहतो आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देतो. तो एकटा होता. त्याला लाज वाटली. तींच प्रेतें पांचशें लोकांबरोबर पाहिलीं असतीं तर ती वाटली असती कीं नाहीं, याची आम्हांस शंका आहे.

अठराव्या शतकांत एडमंड बर्क या आयरिश वक्त्यानें, तो राजकारणांत पडण्यापूर्वीं, १७५७ सालीं भव्यता व सौंदर्य यांवर एक निबंध लिहिला. त्यांत तो म्हणतो तें असें: उत्तमांतली उत्तम शोकान्तिका उत्तमांतल्या उत्तम नटांकडून करवा, शेजारच्या चौकांत एका बड्या राजकीय अपराध्याला सुळावर देत आहेत अशी बातमी आली कीं नाटकगृह ओस पडेल. यावरून खऱ्या दुःखाचें आकर्षण नकली दुःखाहून अधिक, असा निष्कर्ष त्यानें काढला. बर्कचें निरीक्षण अचूक आहे; निष्कर्ष आम्हांस अपुरा वाटतो. त्यानें उदाहरणाकरितां अपराधीच कां निवडला? शेजारच्या चौकांत एखादी बाळंतीण मरत आहे असें सांगून पाहावयाचें होतें. नाटकगृहांतून दोनचार माणसें उठलीं असतीं, आणि तींहि मदतीकरितां.

या प्रकरणांत सर्वांत विचार करावयास लावणारा मनुष्य म्हणजे कादंबरीकार डिकन्स. १८४९ सालच्या नोव्हेंबरांत लंडनमध्यें मॅनिंग नांवाच्या नवराबायकोस एका खुनाबद्दल तुरुंगाच्या छपरावर, सर्व लोकांदेखत, फांशीं देण्यांत आलें. डिकन्स फांशी पाहावयास नव्हे तर गर्दी पाहावयास गेला होता, निदान त्याचें स्वतःचें म्हणणें तसें होतें. आणि त्या गर्दीचा हंशा, तिची गाणीं व तिचा आचरटपणा पाहून आलेला उद्वेग त्यानें ‘टाइम्स’ पत्राकडे लिहून धाडला. इंग्लंडांतली उघड्यावरची फांशी १८६८ सालीं बंद झाली. (फ्रान्सला हें शहाणपण सुचावयास १९३९ साल उजाडावें लागलें. व्हर्साय येथील त्या शेवटच्या प्रसंगाचीं चोरून घेतलेलीं चलच्चित्रें आजहि फिरत असतात.) आणि त्याच १८६८ सालच्या अखेरीस या डिकन्सनें काय करावें? आपल्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ कादंबरींतील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग त्यानें व्यासपीठावर साभिनय वाचून दाखविण्यास घेतला. श्रोत्यांतल्या बायका बेशुद्ध पडत. वाचन संपल्यावर खुद्द त्याची नाडी इतकी धांवे कीं डॉक्टरांनीं त्याला बजावलें. तरी तो ऐकेना. १८७० च्या जूनांत तो वारला, आणि या वाचनांनीं त्याचें आयुष्य तोडलें असें त्याच्या स्नेह्यांचें मत होतें.

येथें आमची उपपत्ति अडखळते, हें कबूल केलें पाहिजे. नॅन्सी निरपराध आहे. तिचा कोणीं निवाडा केलेला नाहीं. तिच्या मरणांत कोणाचीहि सही नाहीं, आणि तरी हजारों लोक पैसे देऊन तें ऐकावयास बसले. भीतीलाहि एक गोडी असते, अंगावर कांटा आणून घेण्याची हौस माणसाला असते, असें म्हणून आम्ही येथून निसटूं शकलों असतों. पण या वाचनाच्या इतिहासांतला एक बारकावा आम्हांस पुन्हां मूळ वाटेवर आणतो. आरंभीं तें वाचन नॅन्सीच्या खुनाशींच संपत असे. पुढें मित्रांच्या सल्ल्यावरून डिकन्सनें त्यास एक भाग जोडला: खुनी साइक्स पळतो, जमाव त्याचा पाठलाग करतो, आणि शेवटीं तो मरतो. नुसता खून ऐकून लोकांना घरीं धाडतां येईना. त्यांच्या हातीं एक वध देणें भाग पडलें. आजचे चित्रपट करणारे या गणितांत निष्णात आहेत. पहिल्या अर्धा तासांत नायकाची बहीण किंवा बाप मारावयाचा, तो केवळ पुढच्या दोन तासांतल्या वीस वधांचा परवाना म्हणून. त्या पहिल्या मरणाकडे कोणी मरण म्हणून पाहतच नाहीं. तें एक दस्तऐवज असतें.

आपल्या नाट्यशास्त्रकारांना हें सर्व ठाऊक होतें काय? भरताच्या पहिल्या अध्यायांतील कथा आठवा. इंद्राच्या ध्वजोत्सवांत पहिलें नाटक झालें आणि त्याचा विषय होता देवांनीं केलेला दैत्यांचा पराभव. देव प्रसन्न झाले, त्यांनीं नटांना देणग्या दिल्या. परंतु त्या सभेंत दैत्यहि बसलेले होते! ते चिडले, त्यांनीं मायेनें नटांची वाणी, हालचाल व स्मृति जखडून टाकली. तेव्हां इंद्रानें ध्वजाची काठी उचलून त्यांना झोडपलें. पुढें विरूपाक्षानें ब्रह्मदेवाकडे तक्रार केली कीं, तूं देवांचा तसाच आमचाहि जनक असून आमची अशी अवहेलना कां करवितोस? ब्रह्मदेवानें त्याची समजूत घातली ती अशी कीं, नाट्य हें एकट्या तुमचें किंवा एकट्या देवांचें नसून तिन्ही लोकांच्या भावांचें अनुकीर्तन आहे. टीकाकार या उत्तरावर वाङ्मयाच्या व्याख्या उभारतात. आमचें लक्ष त्या काठीकडे जातें. पहिल्याच प्रयोगांत ज्यांचा पाडाव दाखविला ते स्वतः प्रेक्षागृहांत होते, आणि त्यांनीं टाळ्या वाजविल्या नाहींत म्हणून त्यांना मार बसला.

याच भरतानें पुढें अंकांत युद्ध, राज्यभ्रंश, नगराचा वेढा व मरण प्रत्यक्ष दाखवूं नये, तें प्रवेशकांतून सुचवावें, असा निर्बंध घातला आहे. विरूपाक्षाची तक्रार व हा निर्बंध यांचा संबंध ग्रंथांत कोठेंहि जोडलेला नाहीं. तो जोडण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं, इतकेंच. गंमत अशी कीं, मरण दाखवूं नये म्हणणाऱ्या याच ग्रंथांत विष भिनून मरणाऱ्याचा अभिनय कसा करावा, याचे आठ टप्पे क्रमवार दिलेले आहेत: कृशता, कंप, दाह, उचकी, तोंडास फेंस, मान मोडणें, जडता आणि अखेर. आमच्या दृष्टीनें ही विसंगति नव्हे. या आठ पायऱ्या उतरणारा मनुष्य मरत असतो. त्याचा वध होत नसतो. त्याच्या उचकीकडे पाहून कोणी शिटी घालीत नाहीं. ‘वेणीसंहार’कार भट्टनारायणानें मात्र निर्बंधाची अक्षरें पाळून त्यांतला प्राण काढून घेतला. दुर्योधन पडद्याआड मरतो, पण त्याच्या रक्तानें माखलेला भीम रंगभूमीवर येतो.

मराठी रंगभूमि जन्मली तीच मुळीं राक्षसांच्या आरोळ्यांत. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस नाटकें सुरू केलीं, तेव्हांपासून ‘अलल डुर्र’ करीत येणारा राक्षस व त्याचें तरवारीचें युद्ध यांवर प्रेक्षकांचा कोण लोभ! १८६१ सालच्या कीर्तन्यांच्या ‘थोरले माधवराव पेशवे’ या नाटकानें पेशव्यांचें मरण व रमाबाईंचें सहगमन दाखवून संस्कृत संकेत मोडला, असें सांगतात, आणि तें खरें आहे. परंतु राक्षस त्यापूर्वीं अठरा वर्षें मरत होते, त्यांनीं संकेत मोडल्याचें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. राक्षसाचें मरण मरणांत धरण्याची चालच नव्हती.

आतां कठीण उदाहरणाकडे येऊं. खाडिलकरांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं रंगभूमीवर आलें. कर्झन १९०५ सालींच हिंदुस्थान सोडून गेला होता; तरी कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे परवश भारतभूमि, कंकभट म्हणजे नेमस्त आणि बल्लव म्हणजे जहाल, हें कोणास सांगावें लागत नसे. कीचक मरतो तेव्हां प्रेक्षकांच्या मनांत काय होत असेल, याची इंग्रज सरकारला आमच्याहून चांगली कल्पना होती. १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ पाहावयास आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यानें गोळ्या झाडल्या, आणि १९१० सालीं ‘कीचकवधा’वर बंदी आली. या नाटकाविषयीं लिहितांना मराठी टीकाकाराची छाती अभिमानानें भरून येते, आमचीहि येते. ज्यांच्या हातीं न्यायसभा नाहीं, न्यायाधीश नाहीं, कायदा नाहीं, त्या लोकांनीं निवाडा करावा कोठें? त्यांना नाटकगृह ही एकच सभा उरलेली होती. म्हणून आम्ही त्या टाळ्यांना हीन म्हणणार नाहीं. शिवाय खाडिलकर पट्टीचे नाटककार होते. त्यांनीं कंकभटाच्या तोंडीं संयमाची बाजू अशी कांहीं भरदारपणें घातली आहे कीं, निवाडा आधीं ठरलेला असला तरी खटला चालल्यासारखा वाटतो. पण इतकें सगळें म्हणूनहि एक खडा राहतोच. त्या रात्रीं प्रेक्षकाला जें सुख झालें तें अन्याय संपल्याचें होतें, कीं एक मान पिरगाळली गेल्याचें? दोन्ही सुखें एकाच टाळींतून वाजतात आणि ज्याच्या तळहातांतून ती टाळी निघते त्यालाहि तीं वेगळीं करतां येत नाहींत.

हें वेगळेपण न राखल्यानें काय होतें, याचा पुरावा मराठीलाच द्यावा लागला आहे. १९४८ सालच्या जानेवारीच्या ३० तारखेस दिल्लींत प्रार्थनेस निघालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका म्हाताऱ्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. न्यायालयानें त्यास खून ठरविलें. लोक हत्या म्हणतात. मारेकऱ्याच्या भावानें लिहिलेल्या पुस्तकाच्या नांवांतहि ‘गांधीहत्या’ असाच शब्द आहे. परंतु मराठी बोलणाऱ्यांत असाहि एक वर्ग आहे कीं, जो त्या घटनेस आग्रहानें ‘गांधीवध’ म्हणतो. या एका शब्दानें किती काम होतें! पिस्तुलाची गदा होते. प्रार्थनास्थळाचें रंगण होतें. मेलेल्याच्या अपराधांची यादी आपोआप मागितली जाते, आणि ऐकणारा, त्याला कळण्यापूर्वींच, प्रेक्षकांच्या रांगेंत जाऊन बसलेला असतो. प्रदीप दळवी यांच्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकावर १९९८ सालीं महाराष्ट्र सरकारनें बंदी घातली होती. आम्ही बंदीच्या पक्षाचे नाहीं. बंदीनें नाटक कळत नाहीं, नुसतें मोठें होतें. मात्र त्या नाटकाचें शीर्षकच एक टीकालेख आहे. बोलणारा कोण, हें तें पहिल्या दोन शब्दांत सांगून मोकळें होतें.

आणि आमच्या मतें वध आणि मरण यांतला भेद रंगभूमीवर ओळखावयाची खूण हीच आहे. शेवटचा शब्द कोणाचा? रोमच्या रंगणांत दुपारीं मेलेल्या माणसाचें एकहि वाक्य आपल्यापर्यंत आलेलें नाहीं. भाव्यांचा राक्षस आरोळी ठोकून पडतो. चित्रपटांतला विसावा बळी तर तोंडहि न दाखवितां पाठमोरा कोसळतो. अलीकडे रस्त्यावर जमावानें एखाद्याला मारहाण चालविली असतां भोंवतालचे लोक मोबाइल उंच धरून तें दृश्य टिपून घेतात, व पुढें तें या हातांतून त्या हातांत जातें. असलीं चित्रें आमच्याकडेहि न मागतां येऊन पडलेलीं आहेत. त्यांत मारणारे मोठमोठ्यानें बोलत असतात, पाहणारे बोलत असतात, चित्र टिपणाराहि कांहींतरी सांगत असतो. एकाचेंच बोलणें ऐकूं येत नाहीं. त्या गर्दीला विचारलें तर ती सेनेकाच्या गर्दीप्रमाणेंच सांगेल कीं, त्यानें चोरी केली होती.

भरताचा निर्बंध ज्यानें उघडउघड मोडला त्या भासाचें ‘ऊरुभंग’ आम्हांस या दृष्टीनें फार मोलाचें वाटतें. कित्येक शतकें हरवलेलें हें एकांकी रूपक गणपतिशास्त्र्यांनीं त्रिवेंद्रम् येथून १९१२ सालीं छापून काढलें, तेव्हां पंडितांचें सगळें लक्ष दुर्योधन रंगभूमीवर मरतो, या एका गोष्टीकडे लागलें. तो मरतो हें खरें. पण भासानें काय दाखविलें नाहीं, तें अधिक पाहण्यासारखें आहे. भीम व दुर्योधन यांचें गदायुद्ध, ज्याकरितां कोणताहि प्रेक्षक चार कोस चालत आला असता, तें येथें दिसतच नाहीं. तीन सैनिक येतात, रणभूमीचें व युद्धाचें वर्णन करतात आणि निघून जातात. वध आटोपलेला असतो. बलराम संतापानें लाल होतो, आणि दुर्योधनच त्याला आंवरतो. मग हातांवर देह ओढीत तो पुढें सरकतो. आंधळा बाप, डोळे बांधलेली आई व त्याच्या बायका त्याला धुंडीत येतात. ज्यानें द्रौपदीला मांडी दाखविली होती त्याच्याच त्या मांड्या मोडलेल्या आहेत, हें भास विसरत नाहीं व आपल्यालाहि विसरूं देत नाहीं. निवाडा चुकला, असें तो कोठेंहि म्हणत नाहीं.

पतंजलीच्या वाटेवरून ज्याला लोकांनीं परतविलें तो उशीर झालेला मनुष्य तसाच पुढें गेला असता, तर त्याला कदाचित् असें कांहीं पाहावयास मिळालें असतें. गर्दी पांगलेली आहे. दुर्जय नांवाचें एक पोर, रोजच्याप्रमाणें, बापाच्या मांडीवर बसावयास येतें. आणि ती जागा आजपासून बसावयाची राहिली नाहीं, हें त्याला बापानेंच सांगावयाचें आहे.